कोंडाण्याची लाल माती

कपाट आवरताना आज आईची पांढरी साडी हाती आली. तिच्या काठावर लाल मातीचा डाग अजून तसाच आहे. मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल म्हणून मी आईला दाखवायला कोंडाण्याची बौद्ध लेणी निवडली होती. आई मात्र विहारात नेसायच्या साडीतच निघाली! पायथ्याची सरबतवाली तिच्या गुडघ्याचा पट्टा बघून म्हणाली, "आजी, तुमाला नाय जमायचं. लय चढ हाय." आई पदर खोचून चढू लागली. वर पोचल्यावर लेण्यात तिने खणखणीत आवाजात वंदना म्हटली. उतरल्यावर सरबतवालीला म्हणाली, "बघ गं, जाऊन आले!"

घरी मी डाग काढायला साडी मागितली.

"हात लावू नकोस," आई म्हणाली आणि पुढच्या पौर्णिमेला तीच नेसून, डाग सगळ्यांना दिसेल अशी विहारात पहिल्या रांगेत बसली.