चिखलदऱ्याची रिकामी खोली

ओल्या गवताचा वास आला की चिखलदऱ्याची ती धुक्यातली दुपार आठवते. डॉक्टरांनी डोंगरावरची हवा सांगितली म्हणून तापाने फणफणलेल्या बायकोला मी कामरगावहून बैलांच्या दमणीत घालून तिथे नेलं होतं. तिथल्या डाकबंगल्यात अंगीठी पेटलेली खोली रिकामी होती. पण शेजारीच खानसामा कोंबडी शिजवत होता. आम्ही जैन. मी गळक्या गवती झोपडीकडे वळलो.

"अवो, मले तिथं जेवाचं नाई, निजाचं हाये," ती कुडकुडत म्हणाली.

"लोक काय म्हनतीन?"

चौथ्या दिवशी ती गेली. सासूबाईंना मी सांगितलं, बंगल्यात जागाच नव्हती.

"तुमी तरी काय करान, जावईबापू," म्हणत त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला.