बंद दवाखान्यांचा फोटोग्राफर

त्यांना सगळे एक्सरेकाका म्हणत. उभा जन्म सरकारी दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत गेला. 'श्वास घ्या, धरा, सोडा' हे वाक्य ते झोपेतही बडबडायचे, असं काकू हसून सांगायच्या.

एके दिवशी दवाखाना बंद करायचा हुकूम आला. पेशंट कमी, खर्च जास्त, असं कारण. खाटासुद्धा तशाच टाकून लोक निघून गेले. काकांना मुदतीआधीच घरी बसवलं.

घरी बसून माणूस करणार काय? बुडीत निघालेल्या एका स्टुडिओतून त्यांनी जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा आणला. कमरेशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं. काचेत डावं उजवीकडे दिसतं. एका रोलवर बाराच फोटो, त्यामुळे उगाच बटण दाबायची सोय नाही. बंद दवाखान्याचा रखवालदार ओळखीचा, त्याने कुलूप काढलं आणि काका आत शिरले. बाहेरचं गंजकं फाटक, पोपडे सुटलेला प्रसूती वॉर्ड, खिडकीतून ऑपरेशन टेबलापर्यंत पोचलेली पिंपळाची फांदी, औषधाच्या कपाटात घुबडाचं घरटं. कृष्णधवल रोल घरच्या मोरीतच धुवायचे. पुढे आसपासचे आणखी बंद दवाखानेही झाले.

"जिवंत माणसांचे फोटो काढायला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या.

"लोकांना दिसू दे तरी, काय टाकून दिलंय ते. बघितलं की उघडतील."

या वेडाला एकाच माणसाचा पाठिंबा होता, थोरल्या भावाचा. दादा तिपाई खांद्यावर टाकून बरोबर यायचा, दम लागला की तिथल्याच एखाद्या खाटेवर टेकायचा.

वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. ही गर्दी लोटली! "काय उजेड पकडलाय काका!" "पडझडीतही सौंदर्य असतं, नाही?" उद्घाटनाला बोलावलेले साहेब तर बंदच्या हुकुमावर सही करणारेच निघाले. पिंपळाच्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "कविता आहे ही, कविता."

"साहेब, ही कविता तुमच्याच सहीने झालीय," काका म्हणाले.

साहेब मोठ्याने हसले. मग सगळेच हसले. पुढच्या महिन्यात त्याच प्रसूती वॉर्डात लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो निघू लागले. दवाखाना उघडायचं मात्र कुणी नावही काढलं नाही.

त्या हिवाळ्यात सकाळी चहा घेताना दादाच्या छातीत कळ आली. वहिनी पुढे, मागे दादाचं डोकं मांडीवर घेऊन काका, अशी गाडी शहराकडे निघाली. बंद दवाखान्याच्या फाटकाशी गतिरोधक आहे. गाडी हळू झाली तसे दादाने डोळे उघडले.

"आलं का रे हॉस्पिटल?"

"आलं, दादा," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गाडी पुढे गेली. शहर यायच्या आतच दादा गेला.

दिवस झाल्यावर वहिनींनी बाहेरच्या खोलीतला फोटो भिंतीवरून उतरवला. काकांनीच हौसेने दिलेला, प्रसूती वॉर्डाचा. "भाऊजी, हा घेऊन जा. येणारा-जाणारा सुंदर सुंदर म्हणतो. मला नाही बघवत."

काकांनी तो पेपरात गुंडाळला.

वर्षभराने मोठ्या शहरातल्या कलादालनाचा फोन आला. त्यांना सगळे फोटो हवे होते. काका म्हणाले, "द्यायला हरकत नाही. फाटकाच्या फोटोखाली मी सांगेन ती ओळ लिहायची. 'इथून माझ्या भावाला पुढे न्यावं लागलं.'"

पलीकडची बाई चाचरली. "काका, ते जरा जड होतं हो. बघणाऱ्यांचा मूड जातो."

"जाऊ दे की! आमचा माणूस गेला."

फोन त्यांनीच ठेवला. दुसऱ्या एका फोटोग्राफरने तेच फाटक रंगीत काढून पाठवलं, आणि प्रदर्शन झकास पार पडलं.