दुसरीच्या चिठ्ठीवरचं औषध

आमच्या भागात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की घरोघरी थंडीताप शिरायचा. त्यावर बाजाराच्या गावी, सरकारी दवाखान्यात, कडू पुड्या मिळत. आधी त्या सगळ्यांनाच फुकट होत्या. मी नऊ वर्षांची असताना नवा नियम आला. जमीनवाल्यांनी दोन आणे द्यायचे. मजुरांना फुकट, पण गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडून पोराच्या नावाची चिठ्ठी आणायची, आणि एका चिठ्ठीवर महिन्यातून एकदाच औषध.

नियमात खोट नव्हती. खोट आमच्यात होती.

बाबा भडकले. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! शेतसारा आमीच द्याचा, अन् आता तापाचेई पैसे? कायले द्याचे?" दोन आणे आमच्याकडे नव्हते असं नाही. होते. तेवढ्याचं पान-तंबाखू बाबा बाजारात सहज उडवत. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला आमची कीव यायची.

त्याच आठवड्यात मला ताप भरला. आमच्या भाताच्या बांध्यांत रोवणीला येणारी एक बाई होती. तिची मुलगी माझ्याच वयाची, माझ्याबरोबर चिंचा पाडणारी. त्या मुलीच्या नावाची चिठ्ठी तिनं मालगुजाराच्या दारात दोन दिवस बसून मिळवली होती. मायनं ती मागितली. बाईनं लुगड्याच्या गाठीतून काढून दिली. वर्षभर जिच्या शेतात राबायचं तिला नाही कसं म्हणणार?

मायनं माझ्या हातातले चांदीचे वाळे काढले, त्या मुलीचं विटकं पोलकं मला घातलं आणि बैलबंडीत तिचं नाव माझ्याकडून घोकून घेतलं. कंपाउंडरनं विचारल्यावर मी ते न अडखळता सांगितलं. मायनं पाठीवरून हात फिरवला. मला कौतुक वाटलं स्वतःचं! आज त्या कौतुकाची शिसारी येते.

पुड्यांनी ताप उतरला. चिठ्ठी परत करताना मायनं सोबत पायलीभर तांदूळ दिले. आमची माय कंजूष नव्हती हो. फिटलं, असं तिला मनापासून वाटलं.

पंधरा दिवसही झाले नसतील, त्या मुलीला हुडहुडी भरली. बाई तिला खांद्यावर घेऊन दोन कोस चालत गेली. कंपाउंडरनं चिठ्ठीवरची औषध दिल्याची खूण पाहिली आणि म्हणाला, या पोरीचं औषध या महिन्यात नेलंय, पुड्या विकल्यास काय? बाई तशीच परतली. गावात झाडपाला केला, अंगारा लावला. पाचव्या दिवशी मुलगी गेली.

नियम करणाऱ्यानं गरिबाला माफी दिली. पण गरिबाच्या हातातली वस्तू मोठ्या घरानं मागितली की ती त्याची राहत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आम्हाला ठाऊक होतं.

तेराव्यानंतर बाई आमच्या अंगणात आली. कामाचं विचारायला, दुसरं काही नाही. माय रडायला लागली. "माह्याकडे काऊन नाई आलीस वो? दोन आने का मी देल्ले नसते?"

बाई खाली बघत म्हणाली, "दोन आने घेऊन गेली असती, त थ्या कंपाउंडरनं इचारलं असतं, मंग पयल्या पुड्या कोनं खाल्ल्या? तुमच्या पोरीचं नाव कसं सांगू, बाई? तुमच्याच घरचं खाऊन राहिलो आमी."

पहिल्या पुड्या खाल्लेली मी दाराआड उभी होते. तापानं मेलेली भूक परत आली होती, आणि माय रडायची कधी थांबते नि मला जेवायला वाढते, याची मी वाट पाहत होते.