डोमाजीचा हात अन् खाऱ्या पाण्यातला मासा

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही, भाऊ. पाळीवरून घरी आलं की खिशातून नट-बोल्ट निघते ना, तसेच निघतात. भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता तवाचे हे आमच्या दोरवाल्या गँगचे. अर्धेअधिक डोमाजीचेच!

डोमाजी भंडाऱ्याकडचा, धानाची शेती सोडून आलेला. क्रेनखाली दोर धरायचा तं त्यानंच. एक दिवस लोखंडी पत्र्याखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली. फोरमन साहेबानं त्याले स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे वाटायले.

"ये हाथ अब रस्सी का नहीं रहा," साहेब म्हणे.

डोमाजी भडकला. "हात माझा, अन् सांगून कोण राहिलं!"

आमच्यात अप्पन्ना होता, आंध्रातल्या वाल्तेअरकडच्या एका खाडीवरचा. तो चिडवायले बोलला, "आमच्या समुद्रातला मासा ओढतो ना, पाच बोटंवाला बी तोंडावर पडते."

डोमाजी तडक साहेबापुढं. "समुद्रातला मासा या हातानं ओढला, तं गँगमध्ये घेता?"

साहेब हसले. "पहले पकड़ तो सही!"

* * *

दिवाळी झाली, कार्तिक लागला. डोमाजी, अप्पन्ना अन् मी, तिघांनी रजा मागितली.

"कारण?"

"मासे!" डोमाजी म्हणे.

साहेबाले बी दया आली. "अरे, कोई मर गया बोल दे."

"खोटं कावून बोलू साहेब? अजून मासा बी मेला नाही!"

* * *

आता आमी तलावाची माणसं. गावाकडं संध्याकाळी पाण्यात पेंड टाकायची, तेथं काडी रोवायची. रातभर मासे चरतात, सकाळी गळ टाकायचा. अप्पन्नाच्या गावी पोचलो तं डोमाजीनं खाडीवर तेच केलं. भिलाईहून पोतंभर पेंड आणली होती पठ्ठ्यानं!

सकाळी चहा पिऊन गेलो. काडी उघड्या चिखलात उभी, अन् पाणी पार तिकडं लांब!

डोमाजीले वाटलं, तलावाच्या पारीसारखा इथला बी बांध फुटला. बोंबलत गावात पळाला, "पार फुटली! उठा बे, पार फुटली!"

अप्पन्नाची माय हसून हसून खालीच बसली. अप्पन्ना म्हणे, "ओहोटी हाये रे, संध्याकाळी येते पाणी परत."

डोमाजी ऐकते का! "येईल तं येईल. माझी पेंड घेऊन गेलं त्याचं काय?"

* * *

त्याच दिवशी भात मांडला. "एवढं पाणी समोर असून विहिरीवर कावून जायचं?" म्हणत डोमाजीनं समुद्राचं पाणी ओतलं. मी एक घास घेतला अन् थुंकलो.

डोमाजीनं मात्र थाळी चाटून साफ केली. "मीठ बराबर हाये," म्हणे.

मंग सांजेपर्यंत विहिरीवरून हलला नाही.

* * *

तिसऱ्या दिवशी गळाले झिंगे लावले अन् मासा लागला. काय तो मासा! डोमाजी कमरेएवढ्या पाण्यात ओढला गेला. दोरी तीन बोटांत रुतली, रक्त आलं. मी धावलो.

"हात लावू नको!" तो ओरडला. त्याच्या गावचा रिवाज, दुसऱ्याचा हात दोरीले लागला की अर्धा मासा त्याचा. "मले अर्धा नाही पायजे!"

मले तं रडूच आलं. त्यानं एकट्यानं ओढला, वाळूवर आणून टाकला. आता भिलाईपर्यंत तो टिकते थोडीच! अप्पन्नाच्या घरी रस्सा करून खाल्ला.

* * *

परत आलो. साहेबानं सगळ्या गँगसमोर विचारलं, "मछली कहाँ है?"

"खाल्ली."

सगळे हसले. साहेब म्हणे, "फिर मैं कैसे मानूँ?"

डोमाजीचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. बाजूले पडलेला दोर त्यानं त्याच हातानं उचलला अन् दुसरं टोक साहेबाच्या हाती दिलं. "खींचो."

साहेब अंगानं दणकट. बाह्या सारल्या, बूट रोवले अन् ओढलं. डोमाजी हलला नाही. मंग डोमाजीनं ओढलं. साहेब नव्या बुटांसकट चिखलातून सरकत सरकत त्याच्या पायाशी येऊन आपटले!

"अप्पन्ना," डोमाजी म्हणे, "मासा भारी होता बे!"

कोणी हसलं नाही. साहेब उठले, पँट झटकली. "फिर दस्ताने कौन बाँटेगा?"

डोमाजीनं दोर सोडला नव्हता.

"तुम बैठो ना साब. हात नरम है तुमारा!"