शेजारचा ईस्टर

आज ईस्टर. शेजारचे साने सकाळी सोसायटीच्या बागेत रंगवलेली उकडलेली अंडी कुंड्यांमागे लपवत होते. ते ख्रिस्ती नाहीत, आणि माझ्याइतकेच पक्के नास्तिक आहेत. न राहवून मी विचारलं, "देव मानत नाही, मग हे कशाला?"

"वसईला होतो तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती मावशी आमच्या मुलांना ईस्टरला अंडी द्यायच्या. आता नातीला शोधायला मजा येते. तुम्ही देवाला मध्ये कशाला आणता, कुलकर्णी?"

मला त्यांचा हेवा वाटला, अगदी जळफळाट झाला. मी देव सोडला तेव्हा सणही सोडले, आणि आईलाही सोडायला लावले. "माझ्या घरात खोटं चालणार नाही," असं म्हणून मी गौरी बंद केल्या. आईने वाद घातला नाही. मुखवटे जुन्या साडीत गुंडाळून तिने माझ्या मावशीकडे पाठवून दिले. तिला त्यात देव किती हवा होता आणि साड्या नेसवणं, फराळ, घरभर बायका किती हव्या होत्या, हे मी कधी विचारलंच नाही.

आज आई बागेतल्या बाकावर बसली होती. सान्यांची नात रिकाम्या हातांनी फिरताना पाहून ती हळूच म्हणाली, "अगं, जास्वंदीच्या मागे बघ." अंडं सापडलं. आईचा असा खुललेला चेहरा मी माझ्या घरात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो सान्यांनी परत आणला, काहीही न मानता.

जिना चढताना आईने विचारलं, "हे एकच दिवस असतं का रे?"