शेजारच्या पेशीची वाटी

वसुधाअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, धारवाडच्या त्यांच्या घरी. संशोधनासाठी विद्यार्थी हवा होता, त्याची मुलाखत होती. मी सगळं घोकून गेलो होतो. पहिल्याच प्रश्नाला शेजारच्या काकू हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी घेऊन आल्या. अक्का उठल्या, वाटी रिकामी करून धुतली, तिच्यात घरची चटणीपुडी भरली आणि परत दिली.

"रिकामी वाटी परत करू नये," त्या पुन्हा बसत म्हणाल्या. "हं, आता सांगा, एक पेशी दुसरीला काय देते?"

घोकलेलं सगळं पाण्यात गेलं. तरी माझी निवड कशी झाली, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

अक्कांचं सारं काम त्या प्रश्नातच होतं. आपल्या पेशी रोजचा कचरा एन्झाइमने मोडतात. काही मुलांत जन्मापासून ते एन्झाइमच नसतं. कचरा साठत जातो, सांधे आखडतात, आयुष्य आखूड होतं. प्रत्येक पेशीला चांगलं जनुक पोचवणं अशक्यप्राय. म्हणून थोड्या पेशींना द्यायचं, त्यांनी एन्झाइम करून बाहेर सोडायचं आणि शेजारणींनी ते घ्यायचं. तसं घडावं म्हणून एन्झाइमच्या घडणीत फेरफार करणं, हा अक्कांचा ध्यास.

केशवापूरची सुमा अशाच मुलांपैकी. तिच्या वडिलांचं सुभाष रोडला कापडाचं दुकान. निदानासाठी काढलेल्या तिच्या त्वचेच्या पेशी आईवडिलांच्या संमतीने आमच्या प्रयोगशाळेत वाढत होत्या. अक्का दर रविवारी सिटी बसने तिच्याकडे जात. तिची बोटं वळत नसत, म्हणून घास भरवत, गप्पा मारत. येताना सुमाच्या आईची वाटी आणत आणि पुढच्या रविवारी भरून नेत.

एकदा आमच्या नव्या एन्झाइमने पेशीत असा जोर दाखवला की मी पेढेच वाटले. अक्कांनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि विचारलं, "पेशीबाहेरच्या द्रवात किती आलंय?" तपासलं तर जवळजवळ काहीच नाही. "म्हणजे चूल पेटली, पण वाटी शेजारी गेलीच नाही. हे छापायचं नाही."

पेढ्यांची बातमी मात्र केशवापूरला पोचली होती. सुमाचे वडील धावत आले. "अक्का, तेच औषध द्या की! बरं-वाईट काय ते आमच्या नशिबाचं." अक्कांनी त्यांना बसवलं. "अण्णा, ते औषध नाही अजून. सुमाच्या वेळेत होईल असंही दिसत नाही. खोटं सांगितलं तर रविवारी तिच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू?" ते रडले. अक्काही रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

सुमा गेली. अक्कांचे रविवार चुकले नाहीत, पण त्या घरात गोडधोड शिजेना. अक्कांची एक वाटी तिथेच राहिली.

पुढे काही वर्षं आम्ही एन्झाइम बदलत राहिलो, चुकत राहिलो, बोलणी खात राहिलो. शेवटी एक घडण अशी जमली की ते बाहेर पडू लागलं. अक्कांनी गोठवून जपलेल्या सुमाच्या पेशी काढल्या, वाढवल्या आणि हे एन्झाइम करणाऱ्या पेशींच्या शेजारी ठेवल्या. त्यांच्यातला साठलेला कचरा ओसरू लागला. या वेळी कोणी पेढे आणले नाहीत. अक्कांनी सुमाच्या आईवडिलांना बोलावलं.

आई सूक्ष्मदर्शकातून कितीतरी वेळ पाहत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "अक्का, नम्म सुमागं मुट्टितेनु?" आमच्या सुमाला पोचलं का?

"हौदु," अक्का म्हणाल्या. "पोचलं."

बाईंनी पिशवीतून ती राहिलेली वाटी काढली. हुग्गीने भरलेली.

अक्का आज साठी पूर्ण करत आहेत. काचेच्या बशीत पेशी सुधारणं वेगळं आणि मूल बरं होणं वेगळं, हे त्या आम्हाला अजून बजावतात. म्हणूनच अक्का, देवाजवळ आमचं मागणं थोडं स्वार्थी आहे. तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि भरपूर वर्षं तुमची बोलणी आम्हाला मिळोत. कधीतरी दुसरी एखादी आई, लेकराचा हात धरून, तोच प्रश्न विचारील. तेव्हा "पोचलं" म्हणायला तुम्हीच हव्यात.