मामांची तार आणि सूनबाईंचा हात

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मामांना चाळीस वर्षांत कुणी गडबडलेलं पाहिलं नव्हतं. काचेच्या नळ्या फुटल्या, एका सरांच्या मिशा बर्नरनं होरपळल्या, तरी मामा शांत. बढती हुकली तेव्हाही म्हणाले, "बरं झालं. वरच्या मजल्यावर जावं लागलं असतं." असा हा समाधानी माणूस घरी मात्र एका पेन्सिलीपायी हैराण झाला होता.

पेन्सिल नातीची. ठकी पहिलीत गेली आणि आजोबांसारखीच डावखुरी निघाली. सूनबाई नर्स, तिच्या धाकानं वॉर्डातला ताप औषधाआधीच उतरायचा. तिनं ठकीच्या डाव्या हातावर चक्क पायमोजा चढवला. मग ठकी उजव्या हातानं रडत रडत लिहायची. लहानपणी मामांनी डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे त्यांचा जीव तुटायचा.

"बाबा, उजव्या हातानं लिहून तुमचं काय वाईट झालं?" सूनबाईनं एकदा विचारलं.

"काही नाही गं. फक्त माझं अक्षर मला लागत नाही."

त्यावर सूनबाईनं मोज्याला गाठ मारली.

पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळा पालकांसाठी खुली होती. मामांच्या टेबलावर नालाच्या आकाराचा चुंबक, त्याच्या दोन टोकांमध्ये झोक्यासारखी टांगलेली तांब्याची तार, बॅटरी आणि खटका. ठकीला घेऊन सूनबाई आली.

"तांबं चुंबकाला चिकटत नाही," मामा म्हणाले, "पण तारेतून वीज सोडली की ही बया उडी मारते. चुंबकाच्या आत की बाहेर, ते आधी ओळखायचं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांशी काटकोनात धर. पहिलं बोट चुंबकाच्या उत्तर टोकाकडून दक्षिणेकडे, मधलं विजेच्या वाटेनं. अंगठा दाखवेल तिकडे उडी."

सूनबाईनं बाही सारून उजवा हात पुढे केला, मनगट मुरडलं आणि ठणकावलं, "बाहेर!"

मामांनी खटका दाबला. तार टुणकन आत उडाली.

"बॅटरी उलटी लावलीत."

"बघ की तपासून."

तिनं तपासली. बरोबर होती. पुन्हा बोटं, पुन्हा "बाहेर", आणि तार पुन्हा आत. मागे उभे असलेले पालक खोकल्याच्या निमित्तानं हसू लागले.

इतक्यात ठकीनं दातांनी मोजा ओढून काढला आणि आईची नक्कल करत डाव्या हाताची बोटं ताणली. "आई, आत!"

"हिचं बरोबर आहे," मामा म्हणाले. "हा नियम डाव्या हाताचा. उजवा धरलास की उत्तर नेमकं उलटं."

"मग आधी सांगायचं नाही?"

"चाळीस वर्षं सांगतोय गं. आजच विसरलो बघ."

सूनबाईनं त्यांच्याकडे, थर्मामीटर काखेतून काढून चहात बुडवणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं. मग गुपचूप डावा हात धरून पाहिला. अंगठा आत. तार आत. तारेवर काही तिचा धाक चालेना.

"तो मोजा द्या इकडे," ती म्हणाली आणि पर्समध्ये कोंबला. "पण अक्षरात कुत्र्याचे पाय मांजराला दिसले, तर तुम्हा दोघांनाही मोजे चढवीन!"

ठकी केव्हाच फळ्याशी पोचली होती. तिनं डाव्या हातानं 'आजोबा' लिहिलं. पहिलं अक्षर तिच्याच मनगटानं पुसलं गेलं. उरलेलं मामांनी चष्म्याशिवाय वाचलं.